बर्कलीच्या विद्यार्थी सरकारात कोणती पदं असतात? पदवीला जाणाऱ्या मराठी मुलीने थेट अध्यक्षपदाची तयारी करावी का?

मुलीला बर्कलीला प्रवेश मिळाल्याबद्दल तुमचं दोघींचं मनापासून अभिनंदन. अध्यक्षपदाबद्दल विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी तो विचारच नको. तिला आधी स्टुडंट अ‍ॅडव्होकेटच्या कार्यालयात केसवर्कर, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांची प्रकरणं हाताळणारी मदतनीस, होऊ द्या. मी स्वतः तिथे काम केलंय.

बर्कलीच्या विद्यार्थी संघटनेचं नाव एएसयूसी (असोसिएटेड स्टुडंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), स्थापना १८८७ ची. पदं एका वर्षाची. अध्यक्ष प्रशासनापुढे विद्यार्थ्यांची बाजू मांडतो आणि सिनेटचा, म्हणजे निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या सभागृहाचा, ठराव रोखूही शकतो. हा अधिकार नुसता कागदावरचा नाही. इस्रायली लष्कराला सामग्री पुरवणाऱ्या दोन कंपन्यांमधली गुंतवणूक काढून घ्यावी, असा ठराव २०१० मध्ये सिनेटने १६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला होता. अध्यक्षांनी तो रोखला आणि रात्रभर बैठक चालूनही त्यांचा निर्णय फिरवायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. बाकी, कार्यकारी उपाध्यक्ष सिनेटचं कामकाज सांभाळतो, बाह्य व्यवहारांचा उपाध्यक्ष सॅक्रामेंटोला राज्य सरकारकडे पाठपुरावा करतो, आणि शैक्षणिक उपाध्यक्षाकडे अभ्यासाशी संबंधित प्रश्न असतात.

सिनेटच्या जागा २०. मतदान पसंतीक्रमाने होतं, आपल्या विधान परिषदेला आमदार मतं देतात त्याच धर्तीवर. वैध मतांना २१ ने, म्हणजे जागांपेक्षा एक जास्त आकड्याने, भागून निवडून यायला लागणारा कोटा ठरतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा आतच. पहिल्या पसंतीची तेवढी मतं नसली तरी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची येऊन मिळतात. म्हणून विद्यार्थी पक्षांच्या बाहेरचा उमेदवारही निवडून येऊ शकतो. मुलीला निवडणूक लढवायचीच असेल तर दुसऱ्या वर्षी सिनेटची लढवावी.

आता स्टुडंट अ‍ॅडव्होकेट. हा पदाधिकारीही मतदानाने निवडला जातो, पण त्याचं कार्यालय कुठल्याच पक्षाचं नसतं. विद्यापीठाशी वाद झालेल्या विद्यार्थ्याला तिथे मोफत मदत मिळते आणि सगळं गुप्त राहतं. असाइनमेंटमध्ये कॉपी केल्याचा आरोप असलेलं पत्र हातात घेऊन कुणी येतं, तेव्हा त्याने धड जेवलेलंही नसतं. केसवर्करने त्याला बसवायचं, पत्र ओळ न् ओळ वाचायचं, ईमेल तारखेप्रमाणे लावायच्या, उत्तराची मुदत कधी संपते ते शोधायचं आणि सुनावणीत काय विचारतील त्याची तयारी करून घ्यायची. आर्थिक मदत अडकलेले, गुणांबद्दल तक्रार असलेले, कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून कमी फी लागू व्हावी म्हणून झगडणारेही येतात. विद्यापीठ नेमकं कुठे अडतं आणि कुणाच्या सहीने हलतं, हे या टेबलावर जितकं कळतं तितकं जिथे प्रचार चालतो त्या कॅम्पसवरच्या स्प्राऊल प्लाझा चौकात पत्रकं वाटून कळत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९० च्या दशकात कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. त्यामुळे आपल्या मुलांना विद्यार्थी राजकारण म्हटलं की फक्त पोस्टर आणि घोषणा आठवतात. हे काम त्यांना माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होतं. पोचल्या पोचल्या केसवर्करच्या अर्जाची चौकशी तिने एशलमन हॉलमध्ये करावी. कुठल्याही पदाला मानधन असेल, तर ते स्वीकारण्याआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर चालतं का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या.