पासपोर्ट त्यांच्याकडेच असू दे

बाय,

तुझा मेसेज काल दोनदा वाचला. लिस्बनला रनर्सच्या मॅनेजरकडे लागलीस, केनिया-इथिओपियाच्या पोरांची तिकिटं, व्हिसा, एन्ट्री सगळं तुझ्याकडे, ऐकून बरं वाटलं. पण मध्येच सहज लिहिलंस की त्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असतात, हरवू नयेत म्हणून, तिथे मी अडकलो.

मी बावीस वर्षांचा असताना शिपवर जायला मुंबईच्या एका एजंटकडे पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, दिली होती. चार महिने नुसतं आज ये, उद्या ये. दुसरीकडून बोलावणं आलं तर कागद सोडेना, म्हणे आधी माझा खर्च भर. त्याने ड्रॉवर ओढला, आत रबर लावलेली पासपोर्टांची चळत, माझा वरून तिसरा, मला दिसला आणि त्याने ड्रॉवर परत लावून टाकला. इथे फोंड्याला आईने बांगड्या मोडल्या तेव्हा पासपोर्ट सुटला.

किपचोगेसारख्या जगप्रसिद्ध मॅरेथॉन रनरची काळजी तुला नको, त्याला हिशोब मागता येतो. केनियातल्या इटेन या रनर्सच्या गावाहून आलेला, दोन तास तेरा मिनिटांत मॅरेथॉन मारणारा, ज्याचं नाव कोणाला माहीत नाही, तो बोलत नाही, कारण तेवढं पळणारे तिथे ढिगाने आहेत आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

समज, त्याने छोट्या रेसमध्ये 1000 युरो जिंकले. 15 टक्के कमिशन ही या धंद्यातली नेहमीची रीत, 150 गेले. तिकिटाचे 600 आधी दिलेले, ते वळते केले, खोली-जेवणाचे 150. हातात 100, टॅक्स तर अजून धरलाच नाही. यात चोरी नसेलही गं, पण हा हिशोब विमानात बसायच्या आधी त्याला कळलेला पाहिजे, त्याच्या भाषेत, कागदावर. बक्षिसाचे पैसे डोपिंगचा रिपोर्ट येईपर्यंत अडकतात, कधी कधी महिने जातात, म्हणून ते थेट त्याच्याच खात्यात येऊ देत, तुमचं कमिशन मग त्याच्याकडून घ्या.

बीजिंगची 2024 ची हाफ मॅरेथॉन आठवते? तिघा आफ्रिकन रनर्सनी शेवटाला चीनच्या हे जिएला पुढे जाऊ दिलं, त्यातला एक म्हणाला आम्हाला पेसर म्हणून, म्हणजे दुसऱ्याला वेग लावून द्यायला, आणलं होतं, आणि चौघांचीही मेडलं-बक्षिसं काढून घेतली. जगभर फोटो त्या पोरांचे फिरले, करार करणाऱ्यांचे नाहीत. म्हणून रेससाठी चाललाय की पेसिंगसाठी, हे आधी लिहून घे. आणि कोणाचा पाय दुखावलेला असताना बॉस म्हणाला, आयोजकांना शब्द दिलाय, तर तू स्वतः फोन करून रेसमधून त्याचं नाव काढून घे.

उद्या ते कपाट उघड आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात दे. बॉस काय म्हणाला ते कळव, तुझं ऑफिस सुटतं तेव्हा इथे रात्र झालेली असते, तरी फोन कर, मी जागा असतो.

मामा