सॅनिटायझरमध्ये एलईडी लागला!

प्रश्न : मी अकरावीत आहे. प्रकल्पासाठी 9 व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या घेऊन द्रावणं तपासली. पुस्तकात अल्कोहोल विद्युत अपघटनी (द्रावणातून वीज वाहू देणारा पदार्थ) नाही असं दिलंय, पण सॅनिटायझरच्या जेलमध्ये एलईडी मिणमिणला. शिवाय सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ओएच आहे, तसा इथेनॉलमध्येही आहेच. मग पुस्तक चुकलं का? – एक वाचक, कराड

उत्तर : पुस्तक बरोबर आहे आणि तुझा एलईडीही खोटं बोलत नाही. फक्त तू तपासलंस ते नुसतं अल्कोहोल नव्हतं. जेल दाट करायला बहुतेक वेळा कार्बोमर नावाचं आम्लधर्मी बहुवारिक (पॉलिमर) घालतात आणि ट्रायइथेनॉलअमाइनसारख्या आम्लारीनं ते उदासीन करतात. त्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, तयार होतात. तुझा एलईडी त्यांच्यावर लागला.

ओएचचं म्हणशील, तर वर्गात हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि मला तो आवडायचा, कारण विचारणाऱ्यानं सूत्र नीट पाहिलेलं असायचं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या स्फटिकात सोडियम आणि हायड्रॉक्साइडचे आयन आधीपासूनच असतात, पाणी त्यांना फक्त सुटं करतं. इथेनॉलमधला ओएच कार्बनला सहसंयुज बंधानं जोडलेला आहे. पाण्याचे रेणू त्याच्याशी हायड्रोजन बंध जुळवतात, म्हणून इथेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. पण रेणू अखंडच राहतो. विरघळणं वेगळं, विचरण, म्हणजे आयनांमध्ये सुटं होणं, वेगळं. अगदी काटेकोर हिशेब केला, तर पाण्यात इथेनॉलच्या शंभर कोटी रेणूंमागे एखादाच प्रोटॉन सोडतो. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या 0.1 मोलार द्रावणात हेच प्रमाण शंभरात एकाहून थोडं जास्त असतं. म्हणून व्हिनेगर सौम्य का होईना, विद्युत अपघटनी ठरतं.

विजेशिवायही हे पडताळता येतं. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे 46 ग्रॅम, इथेनॉल घातलं तर गोठणबिंदू सुमारे 1.86 अंशांनी उतरतो. एक मोल मीठ, म्हणजे 58.5 ग्रॅम, घातलं तर जवळजवळ 3.4 अंशांनी. गोठणबिंदू कणांच्या संख्येवर ठरतो, आणि मिठाच्या प्रत्येक जोडीचे दोन कण होतात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियसनं 1887 मध्ये आपला विचरणाचा सिद्धान्त मांडताना असल्याच मोजमापांचा आधार घेतला. त्याआधी 1884 मध्ये उप्साला विद्यापीठाच्या परीक्षकांनी त्याच्या प्रबंधाला जेमतेम पास केलं होतं. 1903 चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र त्यालाच मिळालं. (परीक्षकांनी हे अधूनमधून आठवावं.)

प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर एलईडी बाजूला ठेव, मल्टिमीटर घे. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण. त्यात मेडिकलमधलं साधं स्पिरिट घातलंस तर प्रवाह फारसा वाढणार नाही. मग नळाच्या पाण्यात तेच घाल : प्रवाह उलट कमी होईल, कारण क्षारांचे आयन विरळ होतात आणि दाट मिश्रणात त्यांची चालही मंदावते. प्रकल्पवहीत स्पिरिटच्या प्रमाणानुसार प्रवाह कसा बदलतो याचा आलेख जरूर काढ, तोंडी परीक्षेत त्यावर बोलायला भरपूर सापडेल.

एक मात्र बजावून ठेवते : स्पिरिट पेट घेतं. खिडकी उघडी ठेव, गॅस बंद कर, आणि बॅटरीऐवजी घरातल्या प्लगला वायर लावायचा विचारही करू नकोस.