‘तुझा आयपी माझ्याकडे आहे’

आठवीतला मुलगा, कराडजवळच्या गावातला. चार दिवस शाळेत गेला नव्हता. रात्री राउटरची वायर काढून उशाशी ठेवायचा आणि संध्याकाळी आजीला ओट्यावर बसू द्यायचा नाही. आई मला म्हणाली, “मॅडम, अभ्यासाचं टेन्शन घेतलंय बहुतेक.” मुलानं मोबाईल पुढे केला. माइनक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये तो ज्याच्या सर्व्हरवर (गेम चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) खेळायचा, त्याच्याशी वाजलं होतं. मग हा मेसेज आला: ‘तुझा आयपी माझ्याकडे आहे. मुंबईत राहतोस ना? शाळा पण माहितीये. पप्पांचं खातं साफ करतो.’ खाली शाळेचं नाव होतं, अगदी बरोबर. (आयपी म्हणजे इंटरनेटवर आपल्या कनेक्शनला मिळालेला आकड्यांचा पत्ता.)

अशा मुलाला “काही होत नाही रे” म्हणून भागत नाही. शाळेचं नाव त्याला डोळ्यांसमोर दिसत असतं. म्हणून कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे आयपीवरून कळतं ते, उजवीकडे कळत नाही ते.

डावी बाजू दोन ओळींत संपली: इंटरनेट कंपनीचं नाव आणि अंदाजे शहर. शहरही बरेचदा चुकतं, कारण कंपनीचा गेटवे, म्हणजे तिचं नेट बाहेरच्या इंटरनेटला जोडणारं ठिकाण, जिथे असेल ते गाव दिसतं. मुलानं आपल्याच मोबाईलवर आयपीचं ठिकाण दाखवणाऱ्या तीन साइट उघडल्या. दोन म्हणाल्या मुंबई, एक म्हणाली पुणे. “पण मी तर इथं आहे!” घर, नाव, फोन नंबर यातलं आयपीत काहीच नसतं. कोणत्या वेळी कोणता आयपी कोणत्या ग्राहकाकडे होता, ही नोंद इंटरनेट कंपनीकडे राहते आणि कायदेशीर मागणी केल्यावर पोलिसांना मिळते. गेममधल्या भांडखोराला ती कोणी देत नाही.

सर्व्हर चालवणाऱ्याला खेळाडूचा आयपी दिसणं ही साधी गोष्ट आहे. उत्तर कुठे पाठवायचं हे सर्व्हरला कळावंच लागतं. संध्याकाळी आईनं राउटरच्या सेटिंगचा फोटो पाठवला (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता टाकला की ते पान उघडतं). वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, १००.७२ नं सुरू होत होता. हा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर बाहेरचा एकच पत्ता अनेक घरं मिळून वापरतात आणि बाहेरून तुमच्याच राउटरला थेट गाठता येत नाही. जिथे स्वतंत्र पत्ता असतो, तिथे फालतू ट्रॅफिकचा मारा करून नेट पाडता येतं. पण त्यानं मोबाईलमधले फोटो किंवा बँक उघडत नाही. राउटर थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की बरेचदा आयपी बदलतो. नाही बदलला तर कंपनीकडे मागावा.

उरली उजवी बाजू. शाळेचं नाव धमकावणाऱ्याला कळलं कसं? मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पासवर्ड दिला होता.” दुसऱ्या एका गेममध्ये रँक वाढवून देतो म्हणून त्या धमकावणाऱ्यानं गुगल खात्याचा पासवर्ड मागून घेतला होता. त्याच खात्यात घरचे सगळे फोटो होते, शाळेच्या बॅनरसमोरचा क्रीडादिनाचाही. हॅकरइतकीच मुलाला पप्पांची भीती होती. अशा धमकीत मुलाला विचारावं ते हेच: समोरच्याला नेमकं काय काय माहीत आहे, आणि तू त्याला कधी काय दिलंस? आवाज न चढवता विचारलं तरच उत्तर येतं.

दुरुस्ती आईच्या फोनवरून केली. आधी पासवर्ड बदलला. मग रिकव्हरी ईमेल (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा पत्ता) पाहिला, तर तिथे अनोळखी पत्ता बसला होता. बहुतेक जण इथेच चुकतात. तो पत्ता तसाच राहिला, तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून नवा पासवर्डही बदलता येतो. तो काढला, अनोळखी डिव्हाइस साइन आउट केली, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री) चालू केलं. फोटोंमध्ये पप्पांच्या एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजू सापडल्या. कार्ड त्याच दिवशी ब्लॉक केलं. हाच पासवर्ड आणखी कुठे वापरलाय तेही पाहिलं आणि तिथलाही बदलला.

धमकीला उत्तर द्यायचं नाही, मेसेज पुसायचा नाही. खेळाडूचं नाव, आयडी, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. आधी रिपोर्ट, मग ब्लॉक. उलटं केलं तर कधीकधी प्रोफाइल सापडत नाही. वेळ मिनिटापर्यंत हवी, कारण एकच आयपी अनेकांकडे असताना पोलिसांना धमकावणारा शोधायला तीच उपयोगी पडते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८.

पप्पांना एकच विनंती केली, मोबाईल काढून घेऊ नका. पुरावा त्यातच आहे, आणि पुढची धमकी आली तर ती त्यानं तुम्हाला दाखवायला हवी. आठ दिवसांनी आली: ‘आयपी बदललास काय?’ मुलानं स्क्रीनशॉट काढला आणि फोन आईच्या हातात दिला.