श्वास ओढू नकोस, सोड

ताई, मी ४३ वर्षांची. राहते कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात. दोन महिने झाले, पहाटे साडेतीनला दचकून जाग येते, छाती धडधडते. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. बीपीची एक गोळी चालू आहे. मोबाइलवर बघून दीर्घ श्वसन सुरू केलं, तर तिसऱ्याच दिवशी गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या. नवरा हसतो, ‘साधा श्वासही घेता येत नाही तुला.’ सासूबाई म्हणतात, प्राणायाम नेटानं कर, गोळी सुटेल. काय करू?
– म., कोपरखैरणे

म., आधी नवऱ्याचं बघू. छाती फुगवून भराभर श्वास घेतले तर त्याच्याही बोटांना मुंग्या येतील. तसं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. तू ‘दीर्घ’चा अर्थ ‘जोरात’ असा घेतलास, एवढंच. मीही एकदा हाच पराक्रम करून गच्चीवर टाकीला धरून बसले होते.

आता असं कर. उताणी झोप आणि पोटावर स्टीलची रिकामी वाटी ठेव. नाकानं श्वास घेताना वाटी वर यावी, छाती नाही. मनात ४ आकडे म्हणत घे, ६ म्हणत सोड. जीव कासावीस झाला तर ३ आणि ४ वर ये. श्वास कोंडून धरायचा नाही. ४ आणि ६ मिळून साधारण १० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. एरवी आपण १२ ते २० घेतो. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सगळा भर सोडण्यावर. पाच मिनिटं पुरेत. सकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं, तर घणसोली ते रबाळे एवढ्यातही थोडा सराव होतो. फक्त तिथे पर्समधून वाटी बाहेर काढू नकोस.

गंमत सांगते. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. तेव्हा दिवेलागणीला सासूबाई स्तोत्र म्हणत असतील तर शेजारी बस, एका दमात एक ओळ म्हण. आकडे मोजायचे कष्ट वाचतील, त्याही खूश.

पण गोळीच्या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. संथ श्वसनानं रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर रीडिंग बघून ठरवतील. आणि धडधडीबरोबर छातीत दुखलं, हात भरून आला किंवा दरदरून घाम फुटला, तर श्वास मोजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

साडेतीनला जाग आली तर घड्याळ बघू नकोस. हात पोटावर ठेव आणि सहा मोजत सोडत राहा. झोप लागेलच असं नाही, पण धडधडीचा जोर ओसरतो.

एका रात्री नवऱ्याच्या पोटावरही वाटी ठेव. पोट हलतं की छाती, ते मला कळव.