भाऊ माझीच जुनी पोस्ट मला वाचून दाखवतो

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका म्हणालास, नाही छापत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, हा मुलगा चार वर्षं अशा एका ग्रुपमध्ये होता जिथे दुसऱ्या समाजाबद्दल विष पसरवणं हेच काम, आठ महिन्यांपूर्वी बाहेर पडला, पण ज्या धाकट्या भावाला ह्यानेच तिथे नेलं तो 19 वर्षांचा पोरगा अजून तिथेच आहे आणि ह्याला गद्दार म्हणतो. परवा भांडण झालं तेव्हा त्याने ह्याचीच जुनी पोस्ट काढून ह्यालाच वाचून दाखवली.

अरे, वाचताना मलाच गलबलून आलं. पण तू तेव्हा काय केलंस, उठून निघून गेलास. आणि पुढे लिहितोस की त्या पोस्टमधला व्हिडिओ जुना आणि भलत्याच ठिकाणचा होता, तुला माहीत होतं तरी तू खोटं कॅप्शन टाकलंस. हे भावाला सांगितलंयस कधी? तू त्याला लिंक पाठवतोस, आकडे पाठवतोस, फॅक्टचेक पाठवतोस, आणि त्या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर तयार असतं कारण ती उत्तरं तूच त्याच्याकडून पाठ करून घेतलीयेस. पण "ते कॅप्शन मी लिहिलं, खोटं आहे हे माहीत असून लिहिलं, आणि धडाधड लाइक्स आले तेव्हा मला भारी वाटलं" ह्याला उत्तर नाहीये त्याच्याकडे. एकदाच सांग, शांतपणे, दोघंच असताना. आईबाबांसमोर नको, चारचौघांत खाली बघावं लागलं तर तो अजून हट्टाला पेटेल. आणि सांगून झालं की लगेच "मग आता सोडतोस ना" असं विचारू नकोस, गप्प बस.

2011 साली जर्मनीत गेरा शहरात निओ-नाझींचा एक म्युझिक फेस्टिव्हल होता, तिथे कवटी छापलेले 250 टीशर्ट फुकट वाटले, पोरांनी आनंदाने घेतले. घरी नेऊन धुतले तर वरची छपाई निघून गेली आणि खालचा मजकूर दिसायला लागला की तुझ्या टीशर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. हे केलं एक्झिट-डॉइचलँड ह्या संस्थेने, जी 2000 साली बेर्न्ड वाग्नर नावाच्या माजी पोलिस अधिकाऱ्याने आणि निओ-नाझी चळवळ सोडून आलेल्या इंगो हासेलबाखने मिळून सुरू केली. मला पटलं ते हे की मैदानात जाऊन कोणी भाषण ठोकलं नाही, मित्र आजूबाजूला नसताना, एकट्याने वाचलं जाईल असं बघितलं.

दुसरं म्हणजे तिथे त्याला काय मिळतं हे तुझ्याइतकं कोणाला कळणार. पोस्टर तो बनवतो आणि सगळे त्याला म्हणतात तुझ्याशिवाय होतच नाही, हे तूच लिहिलंयस. घरात त्याला असं शेवटचं कोण म्हणालं होतं? तुमच्या ऑफिसमधून डिझाइनची कामं बाहेर जातात म्हणतोस ना, त्यातलं एखादं छोटं काम त्याला मिळवून दे, रीतसर पैसे मिळतील असं. रात्री दोनला तो फोन घेऊन जागा असतो तेव्हा ओरडू नकोस, जाऊन शेजारी बस, क्रिकेटवर बोल, काहीही बोल. महिने लागतील, तुलाही चार वर्षं लागलीच की.

आता एक कडू बोलते. भाऊ सुटला की आपलं पाप फिटलं असा हिशोब करू नकोस. ती पोस्ट ज्यांच्याबद्दल होती ती माणसं ह्यात कुठेच नाहीत, तुझ्या पत्रातही त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे. पोस्ट डिलीट केलीस ते ठीक, पण ती खोटी होती आणि मी टाकली होती हे तुझ्याच अकाउंटवरून लिही. फक्त आधी भावाला सांग, मग लिही, त्याला दुसऱ्याकडून कळायला नको. जुने लोक धमक्या देतील, त्यांचे स्क्रीनशॉट ठेव, उलट उत्तर देऊ नकोस, पोलिसांत तक्रार दे.

आणि भावाच्या बोलण्यात कुणाला मारायचं, कधी, कुठे असं काही आलं, किंवा हत्यार दिसलं, तर त्याच दिवशी पोलिसांना सांगायचं. तो तुझ्याशी बोलणं टाकेल, कदाचित कित्येक वर्षं. तरी सांगायचं.

बोलणं झालं की मला कळव, कसंही झालं तरी.