224 वर अर्ज करायचा का?

“स्टेप टूला 224 आले. मॅचला अर्ज करू, की नाद सोडू?” एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला जाऊ पाहणारी मुलं नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत सल्ल्यासाठी येऊन हेच विचारतात. आकडा दोन-चारनं इकडेतिकडे, प्रश्न तोच. (रेसिडेन्सी म्हणजे आपल्या एमडीसारखं तिकडचं प्रशिक्षण; स्टेप वन, टू, थ्री या तिकडच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा; आणि मॅच म्हणजे उमेदवारांच्या आणि रुग्णालयांच्या पसंत्या जुळवून जागा ठरवायची पद्धत.) नेहाचं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

नेहा काटोलकडची. वडिलांची संत्र्याची बाग. एमबीबीएस नागपुरात, इंटर्नशिप संपून वर्षही झालं नव्हतं. 2024 च्या उन्हाळ्यात हैदराबादला जाऊन ती स्टेप टू देऊन आली. आठ ब्लॉक, तीनशेच्या आसपास प्रश्न, नऊ तासांचा दिवस. पास व्हायला तेव्हा 214 लागत, जुलै 2025 पासून 218 लागतात. तिला 224 मिळाले. पण ज्या टेलिग्राम ग्रुपवर ती पडीक असायची, तिथे 255 वालाही ‘माझं काही खरं नाही’ म्हणून रडत होता. हिनं मग घरी सांगून टाकलं की निकाल अजून लागायचाय.

“मी सगळ्यांपासून लपवून राहिले मॅडम,” पहिल्याच भेटीत म्हणाली. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत ग्रुप वाचायचा, सकाळी अकराला उठायचं, जेवण एक वेळ. अशा वेळी मी अर्जाची फाईल उघडतच नाही. आधी झोप जागेवर आणायची, ग्रुप बंद करायचा आणि घरी खरं सांगायचं. तिसऱ्या गोष्टीला तिनं सगळ्यात जास्त वेळ लावला. शेवटी तिच्या वडिलांना, भाऊंना, इथेच बोलावून घेतलं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, पोरगी पास झाली ना? मंग घरात कोनी गेल्यासारखी काहून बसून रायली?” नेहा रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं, आणि मग मला म्हणाले, “मले दोनच गोष्टी सांगा. पैसा किती लागते, अन् थांबाचं कधी.”

इतका नेमका प्रश्न मला डॉक्टर झालेल्या मुलांकडून क्वचितच येतो. मुलं विचारतात, एवढ्या स्कोअरवर कोणाचं झालंय का. झालेलं असतंच कोणाचं तरी, आणि त्या एकाच्या भरवशावर लाखो रुपये जातात.

स्कोअरचं आधी आटपून टाकते. पास झालेली स्टेप मार्क वाढवायला पुन्हा देता येत नाही. 26 जानेवारी 2022 पासून स्टेप वनला फक्त पास-नापास कळतं, त्यामुळे तिकडच्या प्रोग्रामसमोर, म्हणजे रेसिडेन्सी चालवणाऱ्या रुग्णालयांसमोर, तुमचा एकच ठळक आकडा जातो, तो स्टेप टूचा. इंटर्नल मेडिसिनमध्ये (आपल्याकडचं एमडी मेडिसिन) निवड झालेल्या परदेशी पदवीधरांची सरासरी 240 च्या पुढे असते. म्हणजे 224 कमी आहे. ‘तसं काही नसतं गं’ असं मी म्हणत नाही, मुलींना ते खोटं लगेच कळतं. 2025 च्या मॅचमध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 58 टक्क्यांना जागा मिळाली. चांगल्या स्कोअरचेही बरेच उरलेल्या 42 टक्क्यांत होते.

आता जे हातात आहे ते. ईरासमध्ये, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन व्यवस्थेत, अर्ज गेला की बहुतेक प्रोग्राम लगेच तो वाचायला बसत नाहीत, आधी चाळण लावतात. स्कोअर, पदवीचं वर्ष, एखादी स्टेप नापास झालेली आहे का, व्हिसा लागतो का. चाळणीत गळलेल्या अर्जाचं पर्सनल स्टेटमेंट कोणी उघडत नाही. म्हणून कमी स्कोअरवाल्यानं सगळ्यात जास्त घाम यादीवर गाळावा असं माझं ठाम मत आहे. मुलं मात्र तो निबंधावर गाळतात आणि यादी ग्रुपवरच्या कोणाची तरी उचलतात.

नेहाकडे अशीच एक उचललेली यादी होती, इंटर्नल मेडिसिनचे दोनशे प्रोग्राम. मी भाऊंसमोर हिशेब मांडला. एका शाखेत तेव्हा पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 30. दोनशेचे झाले 5,430 डॉलर, तेव्हाच्या भावानं साडेचार लाखांच्या वर. भाऊ म्हणाले, आंबिया बहार विकला की पाहू. पण अर्ज सप्टेंबरमध्ये जातात आणि आंबियाची तोड त्यानंतर. मृग बहाराचे घरात होते तेवढेच पैसे, म्हणून यादी कापणं आलंच.

ती तीन आठवडे हेच करत बसली. फ्रीडा आणि रेसिडेन्सी एक्सप्लोरर ही प्रोग्रामची माहिती देणारी संकेतस्थळं उघडायची, मग प्रत्येक प्रोग्रामची स्वतःची साइट. जे-वन (शिक्षणासाठी येणाऱ्यांचा) व्हिसा देतात का? किमान स्कोअर लिहिलाय का? पदवीला किती वर्षं चालतात? सध्याच्या रेसिडेंटांत परदेशी कॉलेजचे किती? जिथे साइटवर स्पष्ट नव्हतं, तिथे कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल. 230 च्या खालचे घेत नाही असं ज्यांनी लिहिलं होतं ते काटले, मोठ्या विद्यापीठांचे बरेच गळले. उरले इंटर्नल मेडिसिनचे नव्वद. त्यात फॅमिली मेडिसिनचे चाळीस घातले, आणि तिथे तिनं नाक मुरडलं. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर म्हटलं की एमडी न झालेला माणूस डोळ्यासमोर येतो, तिकडे ती तीन वर्षांची रीतसर रेसिडेन्सी आहे. 2025 मध्ये या शाखेच्या आठशेच्या वर जागा रिकाम्या राहिल्या. (त्या सगळ्या आपल्यासाठी उघड्या नसतात, अनेक प्रोग्राम व्हिसाच देत नाहीत.) दोन्ही मिळून 2,760 डॉलर लागले. इंटर्नल मेडिसिनला तेव्हा 3 गोल्ड आणि 12 सिल्व्हर सिग्नल मिळत, म्हणजे ‘मला तुमच्याकडेच यायचंय’ हे सांगायच्या पंधरा संधी. तेही नामांकित रुग्णालयांवर उधळायचे नाहीत, जिथे चाळणीतून पार होण्याची शक्यता आहे तिथेच टाकायचे.

पर्सनल स्टेटमेंटचा पहिला मसुदा वाचताना मला जांभई आली. लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं, आजोबांचा दमा, आणि मग दीड परिच्छेद परीक्षेच्या आधी आलेल्या तापावर. ताप खरा होता. तरी तो काढायला लावला. एखादी स्टेप नापास असेल तर ती ट्रान्स्क्रिप्टवर दिसते आणि तिचा खुलासा करावा लागतो. नुसता कमी आकडा असेल, तर आपण होऊन तिकडे बोट दाखवू नये.

मग बोलता बोलता सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय निघाला. इंटर्नशिपमध्ये तिची ड्युटी तपासणी शिबिरांत होती. विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे. सोल्युबिलिटी ही पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढे खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, पण दुसऱ्या तपासणीला निम्मे लोक फिरकायचेच नाहीत. हिनं स्वतःची एक दोनशेपानी वही केली होती. गाव, फोन, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू आहे का, शेवटचं दुखणं कधी उठलं. एका बाईनं मुलीचं नाव वहीत लिहू दिलं नव्हतं, लग्न मोडेल म्हणून. नेहानं नावाच्या जागी फुली मारली आणि फोन मात्र दर महिन्याला केला.

“हे कुठे लिहिलंयस?” मी विचारलं.

“हे काय लिहायचं मॅडम, हे तर सगळेच करतात.”

सगळे करत नाहीत. आणि अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांत हाच आजार मोठ्या प्रमाणात आहे. असे रुग्ण ज्या शहरांत जास्त, तिथल्या प्रोग्रामना या वहीतलं प्रत्येक पान कळतं. स्टेटमेंट त्या वहीवर लिहिलं गेलं. महिनाभराच्या ऑब्झर्वरशिपमध्ये (रुग्णालयात नुसतं बघून शिकणं) तिकडच्या ज्या डॉक्टरांनी शिफारसपत्र दिलं, त्यांनाही तिनं वही दाखवली होती, म्हणून पत्रात ‘मेहनती आणि नम्र’ यापलीकडे काहीतरी आलं.

पाच इंटरव्ह्यू आले. तीन फॅमिली मेडिसिनचे, दोन इंटर्नलचे. स्कोअरबद्दल विचारतीलच, म्हणून उत्तर आम्ही आधी मराठीत घोटलं: कमी आहे, मला माहीत आहे; तेव्हा मी नुसते प्रश्न सोडवत सुटले होते, चुकलेल्यांकडे परत जात नव्हते, आता जाते. संपलं. पुढे गप्प बसायचं. गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं, समोरच्यानं मान हलवली की ही तापाकडे वळायची. पाचपैकी दोघांनीच विचारलं.

थांबायचं कधी, याचं उत्तर आम्ही अर्ज भरायच्या आधीच कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या होत्या. एक सीझन, म्हणजे एका वर्षाची अर्जफेरी, पूर्ण जोरात. इंटरव्ह्यू येऊनही लागलं नाही, तर आणखी एकच सीझन. एकही इंटरव्ह्यू आला नाही, तर तीच फाईल पुन्हा पाठवायची नाही, मार्चनंतर थेट नीट-पीजीचा अभ्यास. स्टेप थ्री पहिल्या सीझनला देऊ नकोस असंही मी सांगितलं होतं. ती अमेरिकेत जाऊनच द्यावी लागते, खर्च मोठा, आणि तिथेही कमी आले तर फाईलवर दुसरा कमी आकडा चढतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी ती लागते हे खरं, पण नेहाची यादी जे-वनची होती.

मार्च 2025 मध्ये ती लागली, फॅमिली मेडिसिनला, इंटरव्ह्यूनंतर भरलेल्या तिच्या पसंतीच्या यादीतल्या तिसऱ्या क्रमांकावर. भाऊंचा फोन आला, “तीन वर्षांनं वापस येते का?” जे-वनवर गेलेल्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करून ती अट माफ करून घेता येते, हे त्यांना सांगितलं.

याच सीझनला 231 वाला एक मुलगाही माझ्याकडे आला होता. स्कोअर नेहापेक्षा बरा, पण पदवीला नऊ वर्षं झालेली, मधली चार वर्षं रुग्णाशी संबंध नाही, अमेरिकेतलं एकही पत्र नाही. त्याला मी अर्ज करू नको असं सांगितलं. त्यानं दीडशे अर्ज केले, इंटरव्ह्यू एकही आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करू का, असं विचारायला तो एप्रिलमध्ये आला, तेव्हा मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि गेल्या वर्षभरात फाईलमध्ये नवीन काय जमा झालं ते लिहायला सांगितलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. आता तो सकाळी एका रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे आणि संध्याकाळी डीएनबीसाठी (एमडीच्या तोडीची पदवी) नीट-पीजीचा अभ्यास करतो.