पंचाहत्तरीत आलेली भूमिका

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सव्विसाव्या वर्षी तिसऱ्यांदा आईची भूमिका वाट्याला आली, नायिकेची अजून एकही नाही, तेव्हा नाटक सोडावे का, असे तू विचारले आहेस. उत्तरादाखल तुला एका नटीची हकिगत सांगते. ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्तेफानिया स्तान्युता यांचा जन्म १३ मे १९०५ रोजी मिन्स्कमध्ये, म्हणजे आजच्या बेलारूसच्या राजधानीत, झाला. बेलारूस तेव्हा रशियन साम्राज्यात होता आणि बेलारूसी भाषेतले पहिले कायदेशीर वृत्तपत्र निघायला अजून एक वर्ष अवकाश होता. त्या भाषेला साम्राज्यात खेडवळांची बोली यापलीकडे मान नव्हता. १९२० साली मिन्स्कमध्ये पहिले बेलारूसी राज्य नाट्यगृह सुरू झाले, तेव्हा स्तेफानिया १५ वर्षांची होती. तिच्या भाषेची व्यावसायिक रंगभूमी तिच्याहून वयाने लहान होती, ही गोष्ट नीट लक्षात घे; कारण त्यामुळे उच्चार, लय, रंगमंचावर बोलण्याची रीत यांतले फारसे काही तिला तयार मिळाले नाही, ते तिच्या पिढीला घडवावे लागले.

१९२१ ते १९२६ अशी पाच वर्षे ती मॉस्कोतील बेलारूसी नाट्य स्टुडिओत शिकली. शिक्षण संपल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहून बेलारूसमधील वितेब्स्क शहर गाठले आणि तिथे दुसरे राज्य नाट्यगृह उभे केले. पाच वर्षे एकत्र तालीम केलेली माणसे एकमेकांचा श्वास ओळखतात. तू तुझ्या नाट्यसंस्थेतल्या लहान भूमिकांचा हिशेब मांडतेस, पण हे धन त्या हिशेबात धरत नाहीस. १९३२ मध्ये स्तान्युता मिन्स्कच्या त्या पहिल्या नाट्यगृहात आल्या. पुढे १९४४ मध्ये त्याला कवी यांका कुपाला यांचे नाव मिळाले, आणि तेच त्यांचे आयुष्यभराचे घर ठरले.

हा काळ सुखाचा होता असे मात्र समजू नकोस. बेलारूसच्या ‘लोककलाकार’ या पदवीचे पहिले मानकरी, फिरत्या नाटक मंडळीचे संस्थापक उलादझिस्लाव गालुबोक, यांना १९२८ मध्ये तो सन्मान मिळाला आणि १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मग युद्ध आले. मिन्स्क तीन वर्षे जर्मनांच्या ताब्यात राहिले आणि नाट्यगृहाने सैबेरियातील तोम्स्क येथे आसरा घेतला. अशा दिवसांत उद्या कोणती भूमिका मिळेल यापेक्षा उद्या पडदा उघडेल का, हाच प्रश्न मोठा असणार. स्तान्युता यांना बेलारूसची ‘लोककलाकार’ ही पदवी १९५७ मध्ये मिळाली, आणि सोव्हिएत संघाचा लोककलाकार हा सर्वोच्च किताब १९८८ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी.

ज्या भूमिकेमुळे त्यांचा चेहरा बेलारूसबाहेर पोहोचला, ती ‘निरोप’ या चित्रपटातील म्हाताऱ्या दार्याची. सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को यांनी हे काम हाती घेतले होते; १९७९ मध्ये त्या मोटार अपघातात गेल्या आणि त्यांचे पती एलेम क्लिमोव्ह यांनी १९८१ मध्ये चित्रपट पुरा केला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या बेटावरचे आपले घर जाळले जाणार, हे ठाऊक असूनही दार्या ते आधी स्वच्छ करते, भिंतींना सफेदी देते, जणू मृताला अखेरचे स्नान घालावे तशी. स्तान्युता तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होत्या. ते काम करणारे हात पन्नास वर्षांहून अधिक काळ रंगभूमीवर तयार होत होते, असे मी मानते. सव्विसाव्या वर्षी आई साकारताना तुझे हात काय शिकत आहेत, हे तू एकदा तरी पाहिलेस का?

एकाच ठिकाणी चिकटून राहा, असे मात्र मी म्हणणार नाही. २००० साली स्तान्युता वारल्या. त्यानंतर २० वर्षांनी, बेलारूसमधील २०२० च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर, आंदोलकांची बाजू घेतल्याबद्दल याच नाट्यगृहाच्या संचालकांना काढून टाकण्यात आले, तेव्हा सुमारे ६० जणांनी राजीनामे दिले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी वेगळी मंडळी काढून बेलारूसी भाषेतच नाटके चालू ठेवली. वास्तू सुटली, पण ज्यासाठी तिथे होते ते सुटले नाही. तू सोडणार असशील, तर नक्की काय सोडते आहेस, ते आधी कागदावर लिहून काढ.

स्तान्युता यांचे वडील मिखाइल चित्रकार होते. १९२३ मध्ये त्यांनी रंगवलेले लेकीचे चित्र मिळाले तर पाहा, मग तो चित्रपट लाव, आणि सफेदीच्या प्रसंगात आवाज पूर्ण बंद करून फक्त हात बघ. रविवारी तालमीला लवकर ये. आईचा तो दुसरा प्रवेश आपण शब्द न उच्चारता करून पाहू.

तुझ्या,
बाई